ते झाडच आहे

निजामुद्दीन सरांना दोन गोष्टींची मनापासून चीड होती. एक, रीत न दाखवता लिहिलेलं उत्तर. दोन, न मागता दिलेला सल्ला. पहिलीपायी त्यांनी रिसोडच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांचे गुण कापले. 'उत्तर बरोबर, रीत नाही, शून्य' हा त्यांचा शेरा तालुक्यातल्या निम्म्या बापांच्या जुन्या वह्यांत अजून सापडेल. दुसरीवर मात्र त्यांना कधीच इलाज मिळाला नाही. नोकरीत असताना लोक जरा दबून होते; रिटायर झाल्याबरोबर सगळ्यांच्या जिभा सुटल्या. साखर सोडा, गुडघ्याला निरगुडी बांधा, प्लॉट घेऊन ठेवा, पोराकडे जा.

'पोराकडे जा' हा सल्ला खुद्द पोरगाच देत होता, ही त्यातली नामुष्की. अमान पुण्याला कंपनीत होता, नवव्या मजल्यावर त्याचं घर होतं. केनवड रस्त्यावरचं दीड एकर शेत विकावं आणि अब्बा-अम्मींनी आता पुण्यात येऊन सुखानं राहावं, असं त्याचं म्हणणं. सर एकदा तिथं अकरा दिवस राहून आले होते. त्या अकरा दिवसांत त्यांना 'सर' म्हणणारा एकच माणूस भेटला, तो गेटवरचा वॉचमन, आणि तो दूधवाल्यालाही सरच म्हणायचा. शेत गेलं तर आपलं काय होणार, याबद्दल त्यांच्या मनात तेव्हापासून तिळमात्र शंका नव्हती.

शेतात संत्र्याची बत्तीस झाडं होती आणि, कुणी काहीही म्हणो, बघत राहावं अशी होती. सरांनी ती गणितासारखी वाढवली होती. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं, पावसाआधी खोडाला बोर्डो मलम, कलमाच्या जोडाखाली फुटलेला कोंब दिसला की चाकूनं साफ, आणि तोडणी झाली की वाळक्या काड्या छाटून शेताबाहेर जाळायच्या. ओळी दक्षिणोत्तर, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं ऊन. हे सगळं ते कुणी विचारलं तर सांगायचे. कुणी विचारत नसे.

बांधापलीकडे चंपतचा भाजीचा मळा. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे म्हणाल ते. हा चंपत सातवीत सरांच्या हाताखाली होता. आजी मेली म्हणून त्यानं एकदा सुट्टी मागितली होती. सरांनी माणूस पाठवून खात्री करून घेतली, तर म्हातारी ओट्यावर वाटाणे सोलत बसलेली. सरांनी चंपतला दोन तास मैदानात उन्हात उभं केलं. नंतर चंपत शाळा सोडून मळ्यात गेला, आणि आता पन्नाशीला आलेला तो माणूस सरांपुढे अजून विडी विझवायचा. अशा माणसाकडून शेतीचा सल्ला घेणं सरांना जड जाई, हे समजण्यासारखं आहे.

तर मागच्या वर्षी जूनमध्ये अमान आला तो गाडीत एक रोप घेऊन. अ‍ॅव्होकाडो. पुण्यात म्हणे लोक हे फळ पावाला लावून खातात. संत्र्याचे दिवस संपले, अब्बा, शेत ठेवायचंच असेल तर काहीतरी नवं करून दाखवा, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आव्हान होतं आणि सरांना आव्हान कळत असे. त्यांनी रोप संत्र्याच्या ओळीत लावलं. चंपत बांधावरून म्हणाला, "सर, काळ्या जमिनीत पाणी थांबते. हे झाड कुजन." सरांनी त्याला अ‍ॅव्होकाडोचं शास्त्रीय नाव ऐकवलं.

ऑगस्टात झडीचे पाच दिवस लागले, आळ्यात पाणी तुंबलं आणि झाड कुजलं. चंपत काही बोलला नाही. तो बोलला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

अमाननं मग फोनवर सरळ शर्तच घातली. दुसरं रोप पाठवतो. ते पुढच्या दिवाळीपर्यंत जगलं तर शेत विकायचं नाव पुन्हा काढणार नाही. मेलं, तर गुपचूप पुण्याला यायचं. सरांनी शब्द दिला. सरांच्या पत्नी हलिमाबी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या; त्या म्हणाल्या, एका झाडावर घर लावणारा माणूस गणिताचा मास्तर कसा झाला कुणास ठाऊक. त्यांनाही पुण्याला जायचं नव्हतं. तिथं गच्चीवर पापड वाळवायला लेखी परवानगी लागते, हे त्या विसरल्या नव्हत्या.

आता सर कामाला लागले. वाचलं, विचारलं, कृषी मेळाव्यात एका साहेबाला जेवणाच्या रांगेत गाठलं. निष्कर्ष असा निघाला की या झाडाला निचरा पाहिजे, म्हणजे उंच ढिगारा करून त्यावर लावायचं. पहिली दोन वर्षं ऊन सोसत नाही, म्हणजे वरून हिरवी शेडनेट. मीठ बिलकूल सोसत नाही. सरांनी ट्रॉलीभर मुरूममाती आणि शेणखत मागवलं. ट्रॉलीवाल्यानं ती ओळीच्या रेषेत ओतली, म्हणून ढिगारा गोल न होता लांबट झाला. साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, कमरेइतका उंच. ओळी दक्षिणोत्तर, म्हणून ढिगाराही दक्षिणोत्तर. सरांनी फावड्यानं त्याच्या बाजू नीट चापून घेतल्या, कारण त्यांना आकृती वेडीवाकडी चालत नसे. मधोमध हातभर रोप लावलं. चार बांबू रोवले आणि वर हिरवी जाळी ताणली.

रस्त्यावरून हे कसं दिसत असेल, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नाही. पाच वेळचा नमाजी माणूस, कबरींपुढे नवस बोलणाऱ्यांवर आयुष्यभर चिडलेला. त्याला हा विचार शिवणार तरी कसा?

फेब्रुवारीपासून सर रोज संध्याकाळी ढिगाऱ्यापाशी जाऊन बसू लागले. डास फार, म्हणून कडुनिंबाचा धूर करायचे. फूटपट्टीनं रोपाची उंची मोजायचे आणि आकडा विसरू नये म्हणून तोंडातल्या तोंडात घोकायचे. निघताना दोन्ही हात वर करून जाळीच्या गाठी तपासायचे. केनवडकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमधल्या माणसांना काय दिसत होतं? हिरव्या चादरीखाली लांबट मजार, धूर, आणि दुवा मागणारे एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग.

पहिली आली रामीबाई. तिची गाभण शेळी दोन दिवस हरवली होती, ती नेमकी ढिगाऱ्याच्या सावलीत रवंथ करत बसलेली सापडली. अ‍ॅव्होकाडोची तीन पानं खाऊन ती तृप्त झाली होती. सर शेळीवर काठी घेऊन धावले, आणि रामीबाईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं ढिगाऱ्यावर नारळ फोडला. शेळीला जुळं झालं. एवढं पुरे होतं.

पंधरा दिवसांत जीपवाले तिथं वेग कमी करू लागले. महिन्याभरात बांबूला दोरे दिसू लागले. बाबाला नावही मिळालं, हरेवाले बाबा. सर एकेकाला अडवून सांगत होते की बाबा, हे झाड आहे, अ‍ॅव्होकाडो नावाचं, मेक्सिकोकडचं. लोक शांतपणे ऐकून घेत आणि एकमेकांना सांगत की बाबा लई दुरून आलेले हायेत.

गावातला टेलर अशफाक, हा सरांचा मशिदीतला सोबती, तो तरी बाजू घेईल असं त्यांना वाटलं होतं. अशफाक त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की सर, मोठी माणसं स्वतःला अशीच लपवतात, तुम्ही नाही म्हणता त्यातच सगळं आलं. वर, कमिटी करायची झाली तर चादरी शिवायचं काम आपल्याकडे असू द्या, एवढी विनंती. सरांनी त्याच्याकडे शिवायला टाकलेला पायजमा तसाच अर्धवट परत आणला आणि पुढे दोन महिने तो नेफ्याविना पडून होता.

मग सरांनी फलक लावला. मोठ्या अक्षरांत: 'हे झाड आहे. कृपया पाणी, दूध, मीठ घालू नये.' चौथ्या दिवशी फलकाला हार.

तहसीलची नोटीस मेमध्ये आली. कुणीतरी अर्ज केला होता की शेतात विनापरवाना धार्मिक बांधकाम झालं आहे. सरांनी तीन पानी खुलासा लिहिला, आकृतीसह, बाजूंची मापं देऊन. मुद्दा असा निघाला की झाड असेल तर पीकनोंदीत का नाही? नोंद करायला गेलं तर यादीत अ‍ॅव्होकाडोच नव्हतं. इतर फळझाडं म्हणून घाला म्हटलं, तर त्याला किमान क्षेत्र लागतं आणि एका झाडाचं क्षेत्र भरत नव्हतं. म्हणजे कागदावर ते झाड नव्हतं, आणि झाड नसलेलं जे काही असतं त्याला परवानगी नव्हती. सर टेबलापुढे उभे राहून म्हणाले, यातली एक पायरी चुकीची आहे. कारकून म्हणाला, असेल, साहेब मीटिंगला गेलेत.

शेवटी पंचनाम्याला तलाठी सुचिता मॅडम आल्या. तरुण पोरगी, हुशार, नीट बोलणारी; सरांना वाटलं आता निकाल लागतो. त्यांनी तिला रोप दाखवलं. ती म्हणाली, रोप तर दिसतंय, सर, पण पुष्कळ मजारींवर झाड असतं. खाली काय आहे? सर म्हणाले, मुरूम. ती म्हणाली, हे उकरल्याशिवाय कसं लिहू, आणि उकरलं तर लोकांच्या भावना दुखावतील, माझी बदली होईल. सही करायला बोलावलेल्या दोन पंचांनी आधीच चपला बांधावर काढून ठेवल्या होत्या. पंचनाम्यात वाक्य पडलं ते असं: 'सदर ठिकाणी एक झाड असून त्याखाली काय आहे याबाबत निश्चित माहिती मिळाली नाही.' एकतीस वर्षं पोरांना सिद्धता शिकवलेल्या माणसानं त्या वाक्याखाली सही केली.

आणि झाड? आश्चर्य म्हणजे ते मे महिन्यातून वाचलं. चव्वेचाळीस डिग्री ऊन झालं, लिंबं करपली, पण जाळीखाली अ‍ॅव्होकाडोला तांबूस कोवळी पालवी आली. त्या दिवशी सरांनी हलिमाबींना शेतात नेऊन ती पालवी दाखवली. हलिमाबींनी बोटानं पान हळूच उचललं, नातवाची हनुवटी उचलावी तसं, आणि घरी येऊन खीर केली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. इतकं गोड सर क्वचित वागले होते आणि इतकी गोड खीरही क्वचित झाली होती.

मारलं ते लोकांच्या प्रेमानं. पावसाळ्यात दर गुरुवारी गर्दी होऊ लागली. कुणी दूध ओतलं, कुणी नारळाचं पाणी, कुणी गुलाबपाणी. आणि मीठ. अंगावरचे चामखीळ जावेत म्हणून बाबाला मीठ वाहायचं, ही टूम कुणी काढली देव जाणे. सर दिवसा राखण करत, पण ते दुपारी जोहरच्या नमाजाला गेले की माणसं बरोबर ती वेळ साधत. पानांची टोकं आधी तपकिरी झाली. सरांनी वरची माती काढून नवी घातली. काढलेली माती लोकांनी पुड्या बांधून नेली. चंपत एकदा म्हणाला, "सर, जाळी काढा, ढिगारा मोडा, झाड उचलून माह्या मळ्यात आणा. तिकडं कोणी पाहणार नाई." सल्ला चांगला होता. पण चंपतचा होता. सर म्हणाले, विचार करतो. विचार करण्यात दोन आठवडे गेले, आणि तेवढ्यात शेवटचं पान गळलं.

ही चूक बाबाची नव्हती, अमानची नव्हती आणि रामीबाईच्या शेळीचीही नव्हती, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या दिवसांत ते सगळ्यांवर ओरडत होते.

संत्र्याची गत आणखी वेगळी. त्या वर्षी बहार असा धरला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. सरांची दुहेरी आळी, सरांचं मलम, सरांची छाटणी. पण येणारा जाणारा म्हणायचा, बाबाची कृपा हाये. बाबाच्या बागेतलं म्हणून प्रत्येक जण एकेक संत्रं तोडून डोळ्याला लावून नेत होता. दिवाळीपर्यंत हाताला लागतील ती फळं संपली, शेंड्यावरची राहिली. आयुष्यभराच्या मेहनतीचे गुण दुसऱ्याच्या वहीत पडले होते, आणि तो दुसरा अस्तित्वातच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत अमान आला. त्यानं जाळीखाली वाळकी काडी पाहिली. वाईट बोलला नाही. उलट सरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच सरांना फार लागलं. शब्द म्हणजे शब्द. हलिमाबींनी लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेलूबाजारचा फुलचंद शेत बघायला आला. रस्त्याकडेची शेतं घेऊन प्लॉट पाडायचे हा त्याचा धंदा. गाडीतून उतरला, बांधापाशी आला आणि थबकला. बूट काढले. मोजेही काढले. ढिगाऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला. अमान घाईघाईनं सांगू लागला की ते काही नाही हो, झाड होतं, वाळलं. फुलचंदनं त्याचं ऐकलं नाही. तो सरांकडे वळला.

"सर, माह्या मोठ्या भावाले तुमी शिकवलं. तो म्हणे, निजामुद्दीन सर जीव गेला तरी खोटं बोलणार नाईत. लोकं काय, काईबी म्हणतात. पण बाबाच्या अंगावर प्लॉट पाडले तर माह्या लेकराबाळाले भोगा लागन. तुमी नाई म्हणा, मी आत्ता इसार देतो. खाली बाबा हायेत का नाईत?"

अमान मान हलवून खुणावत होता. हलिमाबी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. बांधावर चंपत फावडं टेकून. नऊ महिने सर हेच सांगत होते, जीपवाल्यांना, बायांना, टेलरला, सरकारला. आणि नऊ महिन्यांत एकानंही ऐकलं नव्हतं. आज पहिल्यांदा समोर असा माणूस उभा होता, जो त्यांचा शब्द मानणार होता. तीन शब्दांचं काम होतं. ते झाडच आहे.

सरांनी संत्र्याच्या झाडांकडे पाहिलं. खोडांवर मागच्या मलमाचे निळसर पट्टे अजून दिसत होते.

"आहेत," सर म्हणाले.

फुलचंदनं कपाळ ढिगाऱ्याला टेकवलं, शेंड्यावरचं एक संत्रं मागून घेतलं आणि गेला. अमान लालबुंद झाला. आयुष्यभर आम्हाला खरं बोलायला शिकवलंत, अब्बा, एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. हलिमाबी त्याची समजूत घालायला त्याच्याबरोबर घरी गेल्या. जाताना त्यांनी सरांकडे पाहिलं, पण त्यात शाबासकी होती की दुसरं काही, ते सरांना कळलं नाही.

उत्तर बरोबर आलं होतं. शेत राहिलं होतं. अकराच्या सुमाराला केनवडच्या दोन बाया चादर घेऊन आल्या आणि त्यांनी सरांनाच विचारलं, मुजावर बाबा, कशी घालायची? सरांनी एक टोक धरून ती सरळ घालून दिली, कारण त्या वाकडी घालत होत्या.

बाया गेल्या तरी सर तिथंच, उघड्या जागेत. दिवाळी उलटली तरी वऱ्हाडातलं ऊन हलकं पडत नाही. जाळीखाली पुरती सावली होती, संत्र्यांखाली होती, चंपतच्या मोटारीच्या खोलीपाशी बाज टाकलेली होती. सर कुठंच गेले नाहीत. टोपी काढून हातात धरली होती आणि ताठ उभे होते. चंपतनं एकदा वाफ्यातून मान वर करून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग त्याला उमगलं आणि तो पुन्हा खाली वाकून खुरपू लागला. हाक मारली नाही.

बऱ्याच वेळानं तो बांध ओलांडून आला. हातात पाण्याचा तांब्या होता. विडी त्यानं बांधापलीकडेच विझवली होती.

"सर," चंपत म्हणाला, "दोन तास झाले. बसा आता."